बाहेर जाणारा पत्ता

सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, साइट ठेवली की तिचे दोन पत्ते होतात. एक आत येण्याचा. आपण पैसे भरून डोमेन घेतो, वाचक त्या नावावर येतात, ते नाव आपल्याशिवाय कुणाचं नसतं. दुसरा बाहेर जाण्याचा. आपली साइट हवामान, नकाशा, विनिमय दर असं काही मागायला दुसऱ्या कुणाच्या एपीआयकडे (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या खिडकीकडे) जाते, तेव्हा समोरच्याला जो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, दिसतो तो. हा दुसरा पत्ता आपल्या एकट्याचा नसतो. त्याच सर्व्हरवरच्या, त्याच नॅट गेटवेमागच्या (अनेक यंत्रांना एका पत्त्याने बाहेर नेणाऱ्या दारामागच्या) इतर अनेक साइट्सही त्याच पत्त्याने बाहेर पडत असतात. पहिल्या पत्त्याला आपण जपतो, त्याचं नूतनीकरण चुकवत नाही. दुसरा पत्ता बहुतेकांना ठाऊकही नसतो, आणि सगळं सुरळीत चाललंय तोवर ठाऊक करून घेण्याची गरजही पडत नाही.

मी गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांची एक नकाशा-यादी सांभाळते. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. ड वर्गातली अनेक वाचनालयं म्हणजे एक खोली, काही कपाटं आणि वर्तमानपत्रांचं टेबल. त्यांना स्वतःची साइट कुठून असणार? बदली होऊन गावात आलेल्या शिक्षिकेला, स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलाला जवळचं वाचनालय सापडावं, एवढाच या यादीचा हेतू. पत्ते माझ्याकडे होते: गाव, तालुका, जिल्हा. त्यावरून अक्षांश-रेखांश काढायला एका नकाशा-सेवेचा एपीआय घेतला. घरच्या लॅपटॉपवरून काम व्यवस्थित झालं. तोच कोड सर्व्हरवर चढवला आणि पहिल्याच विनंतीला उत्तर आलं, ४२९. तुम्ही फार वेळा विचारलंत, आता थांबा.

पहिल्याच विनंतीला. जिने अजून काही विचारलेलंच नाही तिला.

४२९ हा क्रमांक तसा नवा आहे. वेबच्या प्रोटोकॉलमध्ये तो एप्रिल २०१२ मध्ये आला, आरएफसी ६५८५ या मानकातून. त्याआधी मर्यादा ओलांडली हे कसं सांगायचं याबद्दल एकमत नव्हतं. कुणी ४०३ पाठवी, कुणी ५०३, आणि ट्विटरने तर स्वतःचाच ४२० काढला होता. नव्या मानकाने एक क्रमांक ठरवून दिला आणि सोबत उत्तराच्या माथ्यावर ‘रिट्राय-आफ्टर’ ही ओळ (हेडर) पाठवता येईल असं म्हटलं, म्हणजे किती वेळाने परत यायचं ते समोरच्याला कळेल. पण त्याच मानकात एक वाक्य आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विचारणारा कोण हे सर्व्हरने कसं ओळखायचं आणि विनंत्या कशा मोजायच्या, हे हे मानक ठरवत नाही. थांबवायचं कसं हे ठरलं. कुणाला थांबवायचं हा प्रश्न प्रत्येक सेवेवर सोडला. माझा सगळा त्रास नेमका त्या सोडून दिलेल्या जागेतून आला होता.

ओळखीचा सोपा मार्ग म्हणजे आयपी पत्ता. तो मागावा लागत नाही, प्रत्येक विनंतीबरोबर आपोआप येतो. म्हणून ज्याने नाव-गाव सांगितलेलं नाही त्याला बहुतेक सेवा पत्त्यावरून मोजतात, आणि तुटपुंजं देतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेचा एपीआय टोकनशिवाय, म्हणजे ओळखीच्या गुप्त संकेताशिवाय, वापरला तर एका पत्त्याला तासाला ६० विनंत्या मिळतात, स्वतःचं टोकन दिलं तर ५,०००. सॉफ्टवेअरचे तयार साचे पुरवणाऱ्या डॉकर हबने नोव्हेंबर २०२० मध्ये मर्यादा लागू केल्या तेव्हा निनावी वापरणाऱ्यांना एका पत्त्यामागे सहा तासांत १०० पुल (साचे उतरवून घेणं) आणि मोफत खातं उघडणाऱ्यांना २०० असा हिशेब ठेवला. एकाच पत्त्यामागे बसलेल्या ऑफिसांत आणि सामायिक बिल्ड सर्व्हरांवर (कोड जुळवून तपासणाऱ्या यंत्रांवर) ते १०० बघता बघता संपत. त्याच्याही बऱ्याच आधी, गूगलच्या अ‍ॅप इंजिनवर छोटी अ‍ॅप्स चालवणाऱ्यांना ट्विटरने हाच अनुभव दिला होता. तिथे निनावी विनंत्यांना तासाला १५० ची मर्यादा होती आणि अ‍ॅप इंजिनचे बाहेर जाणारे पत्ते असंख्य अ‍ॅप्समध्ये वाटलेले होते. आपला वाटा कोण खाऊन गेलं हे कुणालाच कळायचं नाही.

पत्ते वाटून घ्यावे लागतात, कारण ते पुरेसे नाहीतच. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत (आयपीव्ही४) पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४२९ कोटींच्या आसपास. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. तेव्हापासून आपल्या भागात पत्ता वाटून घेणं हाच रिवाज आहे. मोबाइलवर डेटा वापरताना आपणही बहुतेक वेळा हजारो अनोळखी लोकांबरोबर एका पत्त्यामागे उभे असतो. ‘विनंती सर्व्हरऐवजी वाचकाच्या ब्राउझरमधून जाऊ दे, म्हणजे मर्यादा त्याच्या पत्त्यावर मोजली जाईल’ असा सल्ला नेहमी मिळतो. तो सल्ला इथेच अडखळतो. वाचकाचा पत्ता तरी त्याच्या एकट्याचा कुठे आहे? शिवाय किल्ली, म्हणजे सेवेने आपल्या नावावर दिलेला गुप्त संकेत, लागणारी सेवा असेल तर ती किल्ली ब्राउझरमध्ये उघडी पडते.

शेजाऱ्याच्या वापराची शिक्षा आपल्याला, हा अन्याय वाटतो आणि तो आहेच. तरीही मर्यादा घालणाऱ्याच्या बाजूला जाऊन पाहिल्याशिवाय या विषयावर बोलू नये असं मला वाटतं. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनाटिम ही गावांची नावं शोधून देणारी सार्वजनिक सेवा घ्या. ती देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या कष्टांवर चालते. तिचे नियम कुणालाही वाचता येतात. सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती. आपण कोण ते ‘यूझर-एजंट’मध्ये, म्हणजे विनंतीबरोबर जाणाऱ्या ओळखीच्या ओळीत, खरंखरं सांगायचं. मिळालेली उत्तरं स्वतःकडे साठवायची. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा नाही. वाचक टाइप करत असताना अक्षराअक्षराला सूचना दाखवायला ही सेवा वापरायची नाही. मोठा उपसा असेल तर डेटा उतरवून स्वतःचा सर्व्हर उभा करायचा. यातला एकही नियम मला जाचक वाटत नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर सगळ्यांचाच हक्क असेल तर ती टिकवण्यासाठी याहून कमी काय मागणार?

माझं माहेर साक्रीकडचं. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर फड पद्धत चालत आली. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे शेतांचे मोठे पट्टे, पाडायचे, एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीने द्यायचं. पाळी कुणाची हे पाटकरी बघणार आणि पाटावर राखण जागल्या करणार. पाणी कमी असलं की सगळ्यांचंच कमी, आणि हे सगळ्यांना दिसतं. सामायिक आयपीवर यातलं काहीच नाही. पाणी आहे, पाट आहे, पण पाटकरी नाही. शेजारी कोण, त्याची गरज किती, तो हपापलेला आहे की त्याचा कोड बिघडलाय, हे कळायला वाव नाही. त्याला निरोप धाडायची सोय नाही. होस्टिंगवाल्यांकडे तक्रार केली तर ‘आमचा सर्व्हर व्यवस्थित आहे’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते खोटंही नसतं.

मग जे एकमेकांना ओळखत नाहीत त्यांनी एक गोष्ट वाटून घ्यायची कशी? या प्रश्नावर फार सुंदर काम झालेलं आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरची टर्मिनलं रेडिओने ओआहू बेटावरच्या संगणकाला जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. संगणकाशी बोलायला सगळ्यांना मिळून रेडिओची एकच वाहिनी. दोन टर्मिनलं एकाच वेळी बोलली की दोघांचंही बोलणं वाया. एका बेटावरच्याला दुसऱ्या बेटावरचा बोलतोय हे कळत नाही. अ‍ॅब्रॅमसन यांनी परवानगी, रांग, मुकादम असलं काही ठेवलंच नाही. बोलावंसं वाटलं की बोला. पोच आली नाही तर थांबा, आणि किती थांबायचं ते प्रत्येकाने आपापलं यादृच्छिकपणे ठरवा. दोघांनी वेगवेगळा वेळ निवडला की पुढच्या खेपेला टक्कर टळते. या मोकळेपणाची किंमतही गणिताने काढता आली. अशी वाहिनी कितीही भरली तरी तिच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भाग कामी येतो, आणि बोलण्यासाठी वेळेचे ठरावीक कप्पे पाडले तर ३६.८ टक्के.

हीच कल्पना बॉब मेटकाफ यांनी पुढे इथरनेटमध्ये, म्हणजे जवळपासचे संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीत, नेली आणि तिला एक जोड दिली. टक्कर झाली की थांबण्याची कमाल मुदत दुप्पट. पुन्हा टक्कर, पुन्हा दुप्पट. जुन्या इथरनेटच्या मानकात ही मुदत वाढत वाढत १०२४ कप्प्यांपर्यंत जाते आणि तिथेच राहते. सोळा प्रयत्नांनीही जमलं नाही तर यंत्र तो नाद सोडतं आणि वर तसं कळवतं. ‘एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ’ म्हणून आपण जी दोन ओळींची युक्ती कोडमध्ये टाकतो तिच्यामागे ही सगळी परंपरा आहे. गर्दी किती आहे हे मला कळत नाही, पण माझ्या अपयशांच्या संख्येवरून तिचा अंदाज बांधता येतो. जितकी जास्त अपयशं तितकी मी मागे सरते. कुणी सांगितलं नसताना, कुणी बघत नसताना.

यातली यादृच्छिकता लोक गाळतात आणि तिथे घात होतो. समजा सेवेने सांगितलं, ६० सेकंदांनी या. एका पत्त्यामागच्या सगळ्यांनी ते प्रामाणिकपणे पाळलं तर साठाव्या सेकंदाला सगळे एकदम दारात, आणि पहिले काही आत गेले की बाकीच्यांना पुन्हा ४२९. म्हणून सांगितलेल्या वेळेवर आपल्या मनाचे काही सेकंद वाढवायचे, प्रत्येक वेळी वेगळे. ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनचंही तेच. सामायिक सर्व्हरवर प्रत्येक जण आपलं काम बरोबर मध्यरात्री किंवा बरोबर तासाच्या ठोक्याला लावतो, कारण शून्य लिहिणं सोपं. गिटहबच्या कागदपत्रांतही तासाच्या सुरुवातीला गर्दीमुळे नियोजित कामं लांबू शकतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, त्यामुळे तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. माझी कामं मी आता सतरा मिनिटं, एकेचाळीस मिनिटं अशा कुणाला न सुचणाऱ्या वेळांना लावते. एवढ्या साध्या बदलाने किती फरक पडतो हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

दुसरी एक अडचण सामायिक क्लाउडवर हटकून येते. ‘सेकंदाला एक’ हा नियम कोडने पाळायचा तर आपली मागची विनंती कधी गेली हे त्याला आठवायला हवं. पण तिथे कोडच्या अनेक प्रती एकाच वेळी चालतात, उगवतात आणि मावळतात. प्रत्येक प्रत मनातल्या मनात ‘मी सेकंदाला एकच पाठवते’ म्हणते आणि पाच प्रती मिळून पाच पाठवतात. त्यामुळे मोजणी प्रतींच्या बाहेर, एका ठिकाणी हवी. रेडिस हा झटपट नोंदी ठेवणारा साठा असेल तर छानच. माझ्या योजनेत ते नव्हतं, म्हणून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एका ओळीचं टेबल केलं. त्यात एकच गोष्ट: पुढची विनंती कधी जाऊ शकते. ज्या प्रतीला बाहेर जायचंय तिने ती ओळ लॉक करायची, वेळ वाचायची, एक सेकंद पुढे सरकवून ठेवायची आणि आपली वेळ येईपर्यंत थांबायचं. घरातला पाटकरी मिळाला तो असा.

हे सगळं करून मी सेवेकडे किल्ली मागितली. किल्ली मिळाली की मोजणी पत्त्यावरून उठून आपल्या नावावर येते. सामायिक होस्टिंगवर राहणाऱ्याने जिथे किल्ली मिळते तिथे ती पहिल्या दिवशी घ्यावी, मर्यादेच्या जवळपासही जाणार नसलो तरी. यूझर-एजंटमध्ये साइटचं नाव आणि खरा ईमेल द्यावा. काही बिघडलं तर बंदी घालण्याआधी कुणीतरी आपल्याला लिहू शकेल, एवढा तरी धागा राहतो.

पण सगळ्यात जास्त काम झालं ते मुळात कमी विचारण्याने, आणि त्यात मला आनंदही सर्वांत जास्त मिळाला. यादी उघडून बसले तेव्हा दिसलं की एकाच गावात दोन-तीन वाचनालयं अनेक ठिकाणी आहेत. गाव एकदा विचारलं की पुरे. मग नावांचा प्रश्न. महाराष्ट्रात वडगाव किती, पिंपळगाव किती, निमगाव किती! त्यात बुद्रुक आणि खुर्द. नुसतं ‘वडगाव’ विचारलं तर सेवा एक वडगाव हातावर ठेवते आणि ते आपलं असेलच असं नाही. चुकीचं उत्तर आलं की पुन्हा विचारणं आलं. इथे पिनकोड कामी आला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीने डाक खात्यात असताना आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सारख्या नावांची गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते हीच तेव्हा टपालाची अडचण होती, आणि पन्नास वर्षांनी माझीही तीच. एका पिनकोडात अनेक गावं येतात, पण दोन वडगावं वेगळी करायला तो बहुतेक वेळा पुरतो.

साठवलेलं उत्तर (कॅश) कोणत्या खुणेने शोधायचं, म्हणजे त्याची चावी काय ठेवायची, यावरही मी बराच विचार केला. ‘गाव, तालुका, जिल्हा’ ही अक्षरं ठेवली तर काय होईल? २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, आणि पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. नावाची एक दुरुस्ती केली की त्या जिल्ह्यातली सगळी साठवलेली उत्तरं कोडला अनोळखी वाटणार आणि सगळे प्रश्न पुन्हा बाहेर जाणार. गाव तर जागचं हललेलं नाही! म्हणून चावी जनगणनेच्या गाव-क्रमांकाची ठेवली. तो नावाबरोबर बदलत नाही.

काही गावं मात्र खरोखरच हललेली आहेत. उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं आणि नवं वर वसलं. पाणी ओसरलं की जुनं देऊळ अजून दिसतं. अशा गावांचं उत्तर कुठल्याही एपीआयकडून आलं तरी मी ते आंधळेपणाने घेत नाही. ती गावं वेगळी काढून तिथल्या ग्रंथपालांना फोन करते. फोनवर बोलताना वाचनालयाची वेळ बदलल्याचं कळतं, कधी वाचनालय बंदच पडल्याचं कळतं. नकाशा-सेवेला हजारदा विचारूनही हे कळलं नसतं.

साठवण्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. प्रत्येक सेवा उत्तरं कायम ठेवू देत नाही. गूगल मॅप्सच्या अटींत अक्षांश-रेखांश ३० दिवसांपुरतेच तात्पुरते ठेवण्याची मुभा आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ज्या परवान्याखाली आहे त्यात साठवता येतो, श्रेय मात्र द्यावं लागतं. आणि ज्या गोष्टी बदलत राहतात त्यांच्यासाठी ‘ईटॅग’ आहे: माझ्याकडे ही प्रत आहे, बदललं असेल तरच पाठवा. गिटहब तर टोकनसह असं विचारणाऱ्याला ‘बदल नाही’ हे उत्तर देताना ती विनंती मुख्य मर्यादेत धरतही नाही. समंजसपणे विचारणाऱ्याला मोजणीतच सूट देण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते.

मर्यादा चुकवण्याचा दुसरा मार्गही बाजारात आहे. पत्ते सतत बदलत राहणाऱ्या प्रॉक्सी (आपल्या वतीने विनंती पाठवणारे मध्यस्थ सर्व्हर) विकत मिळतात, पाच ईमेलवर पाच किल्ल्या काढता येतात. मी ते करत नाही, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही करू देत नाही. फुकट सेवांनी निनावी वापर आणखी आवळला तर त्याची झळ प्रॉक्सी विकत घेणाऱ्याला लागत नाही. पहिली विनंती पाठवू पाहणाऱ्या कुठल्यातरी नवख्या विद्यार्थ्याला लागते.

राहता राहिले होस्टिंग विकणारे. त्यांच्या दरपत्रकात डिस्क किती, बँडविड्थ किती, ईमेल खाती किती हे ठळक अक्षरांत असतं. बाहेर जाणारा पत्ता सामायिक आहे की स्वतंत्र, सामायिक असेल तर साधारण किती ग्राहकांत, आणि स्वतंत्र हवा असेल तर किती पैसे, हे मी पाहिलेल्या दरपत्रकांत शोधूनही सापडलं नाही. पत्त्याला किंमत आहे हे आता उघड आहे. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर आकारते. इतक्या स्पष्टपणे मोजता येणारी गोष्ट ग्राहकाला सांगायला काय हरकत आहे? एका पत्त्यामागून होणारा बेसुमार उपसा होस्टिंगवाल्यांना त्यांच्या गेटवेवर दिसू शकतो, ग्राहकाला दिसत नाही. तो दिसला की त्या ग्राहकाला कळवावं, ऐकत नसेल तर त्याला वेगळ्या पत्त्यावर न्यावं. आमच्याकडे पाटकऱ्याला या कामाचा मोबदला मिळायचा. होस्टिंगवालेही दरमहा पैसे घेतातच.